बाहेरून आलेली

सोमवार, ता. ४

सगळ्यांत आधी कोण टपकलं असेल? चष्मेवाली! समोर त्यांचं चष्म्याचं दुकान आहे आणि वर घर. दिलेल्या वेळेच्या कितीतरी आधी बाई दारात. "म्हटलं, उशीर नको व्हायला." उशीर कसला – कोणकोण येतंय ते पहिल्यापासून बघायचं होतं! मागोमाग शिवणवाली आली, मग तळमजल्यावरच्या दोघी जावा – एका जिन्याने, पण एकमेकींकडे न बघता. आमच्या बैठकीत एवढी माणसं कधीची बसली नव्हती. मला नुसत्या उकळ्या फुटत होत्या.

हे सगळं ठकीसाठी. ठकी म्हणजे माझी नात. राज्यशास्त्रात पीएचडी करते. मला वाटायचं, राज्य म्हणजे राजे आणि लढाया. तसं काही नसतं म्हणे. लोकांना काय वाटतं ते विचारत हिंडायचं! हे तर मी जन्मभर फुकट केलं. मला कोणी डॉक्टर म्हटलं नाही!

विषय काय ते मी विचारलं नव्हतं. विचारलं की ती सांगत बसते आणि दुसऱ्या वाक्याला माझी मान खाली.

मला तंबी होती – "आजी, तू चहा दे. पण तोंड उघडायचं नाही. तुझ्या मताचा वास लागला तर उत्तरं बिघडतात." बरं बाई. नाही उघडलं. एकेकीला ती आतल्या खोलीत नेत होती. पण आतल्या खोलीचं दार नीट लागत नाही, त्यात माझा काय दोष?

मंगळवार, ता. ५

काल हात दुखला म्हणून थांबले. जोडाक्षरं आली की माझा हात अडतो.

तर ठकीने पहिलाच प्रश्न विचारला – बाहेरून आलेल्यांना इथल्यांइतकेच हक्क असावेत का? थोरली जाऊ म्हणाली, "अजिबात नाही. आल्या आल्या कपाटाच्या किल्ल्या मागतात." धाकटी आत गेली तर ती म्हणाली, "का नसावेत? राबायचं आम्ही आणि आम्हीच परक्या?" मग – त्यांच्यामुळे इथल्या पद्धती बदलतात असं वाटतं का? शिवणवाली उसळलीच. तिला दोन सुना. "बदलतात म्हणजे! माझे डबे कुठे ठेवलेत ते मलाच सापडत नाहीत."

चष्मेवाली मात्र हळू बोलली. मला दाराजवळ सरकावं लागलं. त्यांनी आपली भाषा शिकावी का, असं ठकीने विचारलं तर म्हणते, "शिकायलाच हवी. नाहीतर घरात बोलायचं कोणी कोणाशी?" आणि त्यांनी परत जावं का, तर आत खुर्ची करकरली. मग म्हणाली, "गेली तर एकटी जाईल का? माझ्या मुलालाही घेऊन जाईल."

बिचारी! तिच्या मुलाने लांबच्या शहरात परस्पर लग्न उरकलं, कोणाला बोलावणं नाही की काही नाही. सून अजून कोणी पाहिली नाही. लाजरी आहे, प्रकृती बरी नसते, असं चष्मेवाली सांगते. वेगळं बिऱ्हाड मागत असणार, दुसरं काय!

शुक्रवार, ता. ८

ठकी हवेत! तिचे सर खूश झाले. वय वाढेल तसा विरोध वाढतो – इतकं स्पष्ट उत्तर कोणाला मिळत नाही म्हणाले. पोरीने मला धरून गरकन फिरवलं. गुडघा बोंबलला, पण असू दे.

रविवार, ता. १०

काय लिहू! घात झाला, आणि तो माझ्याच तोंडून.

दुपारी ठकी म्हणाली, "आजी, तुझंही मत घेते, गंमत म्हणून." सूनबाई – तिची आई – शेजारी भाजी निवडत होती. मी म्हटलं, आता हिच्यासमोरच सांगते. बाहेरून आलेलीला पुरते हक्क द्यावेत! आली तेव्हा मला दूध उतू जाईपर्यंत बघत बसणारी वाटली होती. आता तिच्याशिवाय माझं पान हलत नाही.

"कोण आली तेव्हा?"

"अगं, तुझी आई! दुसरी कोण?"

ठकीचं पेन खाली पडलं. सूनबाई एवढी हसली की भाजी सगळी घरभर. पण ठकी हसेना. "आजी, मी परदेशातून इथे राहायला आलेल्या माणसांबद्दल विचारत होते!"

अगं मग तसं म्हण की! चार बायकांना बोलावून 'बाहेरून आलेली' म्हटलंस तर त्यांना सुनाच दिसणार, दुसरं काय दिसणार?

सोमवार, ता. ११

सर म्हणाले, ही उत्तरं केराच्या टोपलीत. नीट प्रश्न लिही आणि त्याच बायकांना पुन्हा विचार. सगळ्या आल्या पाहिजेत. नाही आल्या तर हा विषय सोड.

पोरगी जेवली नाही.

गुरुवार, ता. १४

ठकीने सगळ्यांना परत बोलावलं आणि खरं काय ते सांगून टाकलं. ज्या हसल्या! शिवणवालीला ठसका लागला. दोघी जावा कधी नव्हे ते एकमेकींच्या अंगावर पडून हसल्या. पण चष्मेवालीचा चेहरा उतरला. उठलीच ती. "मला नाही द्यायची पुन्हा उत्तरं." आणि चालू लागली.

झालं. ती उठली म्हणून शिवणवाली उठली. "तिला वाईट वाटलं बघ. आपण हसायला नको होतं. ती आली तर आम्ही येऊ." जावा पण मागोमाग. ह्या दोघींचं आयुष्यात पहिल्यांदा एकमत झालं, तेही आमच्या मुळावर!

ठकी म्हणते, जबरदस्ती करता येत नाही. नको असेल तर नको, हाच नियम. असला कसला मेला नियम!

शनिवार, ता. १६

गेले मी चष्मेवालीकडे. नियम ठकीला, मला नाही. पण प्रश्नाचा शब्द काढला नाही. नुसती बसले. ती काचा पुसत होती – पुसलेल्याच पुन्हा.

मग तिनेच विचारलं, "तुझी सून आली तेव्हा तुला कसं वाटलं होतं गं?"

"कसं वाटणार? घरात कोणीतरी दुसऱ्याचं सामान आणून ठेवल्यासारखं."

"मग?"

"मग काय. एक दिवस मी तापाने पडले. ही रात्रंदिवस उशाशी. तेव्हापासून सामान आमचंच झालं."

जराशाने म्हणते, "आणि तिला आपलं काहीच येत नसेल तर?"

"शिकवायचं."

"शिकायलाच जमलं नाही तर?"

"मग तू तिचं शिक!" मी थट्टेत म्हटलं. ती हसली नाही. खिडकीतून बाहेर बघत राहिली. मला वाटलं, उगाच बोलले. तोंडाला माझ्या खरंच कुलूप पाहिजे.

मंगळवार, ता. १९

कोणी फिरकलं नाही. ठकीने नवे प्रश्न लिहिलेत. 'दुसऱ्या देशातून' असं पहिल्याच ओळीत, ठळक. मला वाचून दाखवले. कळले! पण ऐकायला बायका कुठे आहेत?

सूनबाई म्हणाली, "आई, होईल नीट." मीही तिला तेच म्हणणार होते.

शनिवार, ता. २३

चष्मेवाली आली! एकटी नाही. मागे एक उंच पोरगी, दाराला डोकं लागेल म्हणून वाकलेली. "ही माझी सून. हिच्या देशाचं नाव मला अजून सरळ घेता येत नाही." आम्ही सगळ्या हसलो होतो, आणि प्रश्न बरोबर कळला होता तो चष्मेवालीला एकटीला! ठकीला म्हणाली, "माझी मागची उत्तरं फेकू नकोस. ती खरी होती. आता मात्र बदललीत." पोरगी प्रवासाने पेंगत होती, म्हणून बसल्या नाहीत. शिवणवालीला आणि जावांना घेऊन बुधवारी येते म्हणाली. आणि सुनेने मान हलवून, अडखळत, आमच्या मराठीत म्हटलं – "बुधवारी."