लाल झालेल्या कागदाचं प्रकरण

सर, चिनी मातीच्या खलात पाला वाटताना जो आवाज येतो, तो कुटण्याचा नसतो, घासण्याचा असतो. आधी ओल्या पानांची कचकच, मग हळूहळू मऊ पडत जाणारी घरघर, आणि शेवटी बत्ता कडेला टेकवताना एक लहानसा टण्. आज सकाळी सूनबाईनं वेलदोडे वाटायला कुठल्याशा फडताळातून जुना खल काढला आणि मी वर्तमानपत्र हातात धरून तसाच बसून राहिलो. चहा निवून गेला. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, की तुमच्या वर्गात शेवटच्या बाकावर बसणारी मुलंसुद्धा आता काठी टेकत बँकेत पेन्शनला येतात. तरी त्या घरघरीतून तुम्हीच वर आलात. पांढऱ्या कोटाच्या बाह्या दुमडलेल्या, बोटं पिवळीजर्द, आणि डोळे बाटलीच्या बुचाला लटकणाऱ्या कागदावर.

बीडच्या कॉलेजातली आपली प्रयोगशाळा म्हणजे पत्र्याचं छप्पर, दोन लांब ओटे आणि एक नळ, ज्याला दुष्काळाच्या त्या साली पाणी येणं बंद झालं होतं. तुम्ही रसायनशास्त्र शिकवायचात. मी तुमच्याच हाताखाली शिकून तिथंच मदतनीस म्हणून चिकटलो होतो. डोक्यात सूत्रांपेक्षा शाळेतल्या कविताच जास्त. तुमच्या पीएच.डी.चा विषय होता पाण्यावाचून खुरटलेल्या ज्वारीतलं विष. कोवळी, ताण बसलेली ज्वारी गुराला लागते, हे आपल्याकडच्या जुन्या माणसांना ठाऊकच होतं. गाय चरते, थरथरते, आणि माणूस धावत येईपर्यंत पाय झाडून मोकळी होते. पण ज्वारीचं लागणारं ताट, म्हणजे धांडा, कोणतं आणि न लागणारं कोणतं, हे डोळ्यांना कळत नाही. ते कळावं म्हणून तुमचा सगळा खटाटोप. पाला वाटायचा, बाटलीत भरायचा, बुचाला पिवळ्या कागदाची पट्टी अडकवायची. विष असेल तर त्याची वाफ वर येते आणि पट्टी पिवळ्याची नारिंगी, नारिंगीची विटकरी लाल होत जाते.

कॉलेजात पाणी नाही म्हणून त्या पट्ट्या तुमच्या घरी, काकूंच्या स्वयंपाकघरात तयार व्हायच्या. चुलीशेजारी मातीच्या परातीत पिवळं द्रावण, त्यात कागद बुडवायचे आणि मागच्या अंगणात लुगड्याच्या दोरीवर चिमट्यांनी टांगायचे. काकू भाकरी थापता थापता म्हणायच्या, "अहो, माझ्या दोरीवर तुमचं विष वाळतंय."

"विष नाही गं. विष पकडणारा कागद."

"मग पकडलेलं जातं कुठं? माझ्या भाकरीत?" आणि माझ्याकडे वळून, "बघ रे, ह्यांना या वयात हळद लागली. नवरी कोण, तेवढंच कळंना."

तुम्ही पिवळी बोटं धोतराला पुसायचात आणि हसायचात. धोतरही पिवळं व्हायचं, मग काकू खऱ्याच चिडायच्या.

त्याच दिवसांत मी तुमची बोलणी खाल्ली. निरीक्षणांच्या नोंदीत एका दिवशी मी लिहिलं होतं, 'पट्टी पळसासारखी फुलली.' तुम्ही ते वाचलंत, चष्मा कपाळावर सरकवलात. "पळस? हा मराठीचा तास आहे का? किती वेळात लाल झाली, किती लाल झाली, ते लिही. पळस लिहून कुणाची गाय वाचणार आहे?" सगळ्या मुलांसमोर. माझे कान तापले. मी ती ओळ खोडली, पण इतक्या हलक्या हातानं, की खालची अक्षरं वाचता यावीत.

दिवाळीनंतर एकदाच अवकाळी पाऊस शिंतडून गेला. तेवढ्यावर कापलेल्या ज्वारीच्या खुंटांना हिरवे फुटवे फुटले. वर्षभर करपलेल्या रानात ते हिरवं बघून माणसं वेडी झाली, आणि तुम्ही घाबरलात, कारण सगळ्यात जास्त विष त्याच फुटव्यांत. पाटोद्याकडच्या एका गावात सहकारी दूध संस्था नुकती उभी राहिली होती. तिच्या चेअरमनला तुम्ही गाठलंत. मोठा जमीनवाला माणूस, पुढच्या निवडणुकीचं तिकीट डोळ्यांपुढं ठेवून बोलणारा. दूध घालायला येणाऱ्या प्रत्येकाच्या हातात एक बाटली आणि पिवळी पट्टी पडली. तुम्ही ओट्यावर उभे राहून सांगितलंत, "सकाळी पाला वाटून भरा, दुपारी बघा. लाल झालं की काय ते समजून जा." माणसांनी माना डोलावल्या. मीही डोलावली.

आठवड्याभरानं चेअरमनचा निरोप आला, एका म्हातारीची गाय मेली म्हणून. आपण एसटीनं गेलो. म्हातारीचं घर गावाच्या कडेला. लेक-सून ऊसतोडीला गेलेले, दोन नातवंडं हिच्या गळ्यात, आणि त्या तिघांच्या तोंडात पडणारा घास त्या एका गाईच्या दुधावर. गाय गोठ्यापुढं आडवी. म्हातारी रडत नव्हती. तिनं तुमचं मनगट धरलं आणि भिंतीतल्या देवळीपाशी नेलं. तिथं देवांपुढं तुमची पट्टी ठेवलेली, विटकरी लाल, वर चार तांदूळ आणि कुंकवाचं बोट.

"कावून मेली माझी गाय? कागद तर लाल झालता!"

चेअरमन पुढं झाला. "म्हातारे, लाल म्हंजी धोका! सरांनी सांगितलंतं की."

"लाल कदी धोका झाला रे? तुझ्या बायकूच्या कपाळाला काय हाय मग? हळदीचं कुकू झालं म्हनलं मी. देवानं कौल दिला म्हनलं. दोन पेंढ्या जादा टाकल्या तिला, हौसंनं."

तुम्ही चपला काढल्यात आणि तिच्या उंबऱ्याशी खाली बसलात. तिनं रिवाज म्हणून तांब्याभर पाणी आणून ठेवलं, त्या सालात. तुम्ही ते सगळं प्यालात. तुम्ही काय म्हणाल, याची मी वाट बघत होतो. तुम्ही एवढंच म्हणालात, "कागद खरं बोलला, आजी. मीच त्याची भाषा तुम्हाला सांगितली नाही."

परतीच्या एसटीत तुम्ही खिडकीशी, मी शेजारी. अर्ध्या वाटेवर एकदम म्हणालात, "तू पळस लिहिलं होतंस ना?"

"खोडलं सर मी ते."

"कशाला खोडलंस? तेच बरोबर होतं. पळस बघून भितं कोण? अरे, आपल्या बीडला रेल्वे नाही. लाल झेंडा, लाल दिवा, बघितलाय कुणी इथं? इथं लाल म्हणजे कुंकू, लाल म्हणजे गुलाल, लाल म्हणजे लेक माहेरी आणणारी ही एसटी. मला कोण्या परदेशी पुस्तकानं सांगितलं लाल म्हणजे धोका, आणि मी ते जगाला ठाऊकच आहे असं धरून चाललो."

त्यानंतरच्या बाजारी आपण दोघं पाटोद्यात उभे. तुम्ही येणाऱ्या-जाणाऱ्याला धरून विचारताय, "कोणता रंग दिसला की हात मागं घेता?" माणसांना वाटलं, सरांचं डोकं उन्हानं फिरलं. एक जण शेजारच्याला ढोसून म्हणाला, "सांग की बे, तू कशाला भेतो?" त्यावर दुसराच ओरडला, "ह्यो रंगाला न्हाई भेत, घरचीला भेतो!" सगळा बाजार हसला, तुम्हीही हसलात, आणि पुन्हा विचारायला लागलात. कुणी काळा म्हणालं, कुणी पांढरा. चेअरमननं तर तोडगाच काढला, "सर, तुमी कागदच काळा करा की. लई सोपं."

"रसायन आपलं ऐकत नाही, चेअरमनसाहेब. ते लालच होणार."

"मग काय मानसं बदलायची?"

"नाही. सांगणं बदलायचं."

त्या वेळी मारुतीच्या पारावर बसलो होतो आपण. समोर शेंदूर फासलेला एक ओबडधोबड दगड. मी सहज म्हणालो, "सर, हा दगड चांगला रुंद आहे. पण पाटा करायला हा कुणी उचलणार नाही. शेंदूर लागला की संपलं." तुम्ही माझ्याकडे असं बघितलंत, जणू मी परीक्षेत पहिला आलोय. दुसऱ्या दिवसापासून गावोगाव एकच सांगणं सुरू झालं. कागद लाल झाला, म्हणजे त्या ताटाला शेंदूर लागला. ते देवाचं. गुराला लावायचं नाही. कापून उन्हात पडू द्यायचं, खडखडीत वाळलं की मग तो प्रसाद. वाळल्यावर विष उतरतं, हे शास्त्र. बाकी सगळं मारुतीच्या पारावरचं. तुम्हाला त्याचा त्रासही झाला. "आपण विज्ञान सांगतोय का भलतंच?" असं तुम्ही काकूंनाही विचारलंत. त्या म्हणाल्या, "गाई जगल्या का?" जगल्या होत्या. त्या गावात पुन्हा त्या कारणानं गाय गेल्याचं मी तरी ऐकलं नाही.

तुम्ही हे सगळं प्रबंधात घातलंत. स्वतंत्र प्रकरण, म्हातारीसकट. विद्यापीठातले तुमचे गाइड, ज्यांनी पाटोद्याची धूळ कधी चपलेला लावून घेतली नाही, त्यांनी त्या प्रकरणावर तांबड्या पेन्सिलीनं फुली मारून ते परत पाठवलं. 'हे रसायनशास्त्र नव्हे. वगळावे.' तुम्ही ती फुली मला दाखवून म्हणालात, "बघ, त्यांनी पसंतीचं कुंकूच लावलंय." हसलात, पण चष्मा पुसायला बराच वेळ लावलात. वगळलं असतंत तर त्याच वर्षी पदवी होती, तिच्यामागून पगारवाढ, विभागप्रमुखाची खुर्ची. मित्रांनी समजावलं, काकूंनीही एकदा हळूच. तुम्ही ओट्याला टेकून म्हणालेलं मला आजही जसंच्या तसं ऐकू येतं. "गाय कागद चुकल्यानं मेली नाही. कागद आणि गोठा यांच्या मधल्या जागेत मेली. त्या जागेचं प्रकरण काढून टाकलं, तर प्रबंधात माझं उरतं काय? बाटली तर कुणीही भरेल."

पदवी शेवटपर्यंत मिळाली नाही; तुम्ही गेलात तेव्हा कॉलेजच्या फळ्यावर 'डॉक्टर' नाही, नुसतं 'सर' लिहिलं होतं. प्रबंधाची घरची प्रत पुढं वाळवीनं खाल्ली. काकूंनी ती माती चाळून बघितली होती, मी होतो तिथं.

आज हे सगळं का काढतोय, तर माझी नात. ती पुण्याला संगणकात संशोधन करते. रसायनवाले, जनावरांचे डॉक्टर आणि ही संगणकवाली पोरं, सगळी मिळून एकच काम करताहेत. शेतकऱ्यानं फोननं ज्वारीच्या पानाचा फोटो काढायचा आणि फोननं सांगायचं, लागेल का नाही. सर, तुमचीच बाटली, नुसती काचेची जागा फोननं घेतली. परवा ती फोनवर सांगत होती, "आजोबा, चारा चांगला असला की स्क्रीन हिरवी, नाहीतर लाल."

"लाल म्हणजे?"

"धोका. जगभर तसंच असतं, आजोबा."

"जगभर म्हणजे पाटोद्यात पण का गं?"

ती हसली. मग मी तिला म्हातारीची गाय सांगितली, आणि ती हसायची थांबली. म्हणाली, "हे छापलंय कुठं? आमच्या मॅडम संदर्भ नसेल तर ऐकूनच घेत नाहीत. आणि फोन तर या महिन्यात गावांत जाणार." मी काय सांगणार? यंदाही पाऊस दगा देऊन गेलाय, गुरांच्या छावण्या पडल्यात, आणि कुठल्यातरी देवळीपुढं आता कागदाऐवजी लाल फोन ठेवला जाईल. तुमचं प्रकरण छापलेलं नाही, म्हणून ते घडलंच नाही. हे मला सहन होत नाही. ऐकायला तुमच्याशिवाय कुणी नाही, म्हणून हे पत्र. ते टाकायला पेटी नाही, तेही कळतं.

एक सांगून टाकतो. नातीशी बोलताना माझ्या तोंडून 'आमचे सर' असं आलंच नाही. 'आमचे डॉक्टर' म्हणालो मी. पहिल्यांदा जीभ घसरली, पुढं मुद्दाम म्हणत राहिलो. फार गोड वाटलं, सर.

दार वाजतंय. थांबा.

सर, एक बाई आल्यात. पन्नाशीच्या, पायात बूट, साडीला धूळ. नातीच्या त्या मॅडम! नातीलाही न सांगता पुण्याहून एकट्या गाडी चालवत आल्यात. म्हणाल्या, "तुमच्या नातीनं गाईचं सांगितलं, पण ते छापलेलं नाही असं कळलं. मग ज्यांनी बघितलंय त्यांच्याकडूनच ऐकावं म्हटलं. मला त्या गावातही घेऊन चला, जमेल तर आजच." मी त्यांना बसवलंय. सूनबाईला चहा टाकायला सांगायच्या निमित्तानं आत आलोय आणि उभ्याउभ्या हे लिहितोय. बाहेर त्यांनी पेन काढून ठेवलंय आणि पहिलाच प्रश्न विचारलाय, "डॉक्टरसाहेब नक्की काय म्हणाले होते, ते त्यांच्या शब्दांत सांगाल?"

मी दुरुस्ती केली नाही.