एकाचा नकार, सगळ्यांचा मुक्काम

२२ एप्रिल, मंगळवार

आधी कालची दुरुस्ती. मोठा उतार ३८ अंशांचा लिहिला होता. आज पुन्हा मोजला, ३६ आहे. शिवाय मी ‘नाही’ म्हटल्यावर बाबा कण्हले असं लिहिलंय. ते दुखऱ्या दाढेमुळे कण्हले. माझ्या निर्णयाशी संबंध नाही.

आजही नाही म्हटलं. नियम बाबांचाच. उतार ओलांडायला सगळ्यांचा होकार हवा. एकाने नाही म्हटलं की सगळे केबिनमध्येच, आणि कारण विचारायचं नाही. विचारलं की माणूस पुढच्या वेळी लाजून हो म्हणतो, आणि बर्फाखाली जातो. माझी शाळा म्हणजे हेच स्वयंपाकाचं टेबल. हा नियम मी अपूर्णांकांच्या आधी शिकले.

स्कीइंगचा सीझन संपला, केबिनमधले पाहुणे गेले. उरलो बाबा, व्हेरेना आत्या आणि मी. खाली गोल्डन गावाला जायला हा एकच उतार. तिथे सोमवारी माझी नोकरी सुरू होतेय, हायवेवर बर्फ कोसळू नये म्हणून नजर ठेवणाऱ्या टीममध्ये. सगळी अनोळखी माणसं, आणि रोज त्यांच्यासोबत डबा खायचा. मला त्याचं काही वाटत नाही. नोंद पूर्ण असावी म्हणून लिहिलं.

२३ एप्रिल, पहाट

रात्री छान गोठलं. काठी आत जात नाही. उन्हाने मऊ व्हायच्या आत सहज ओलांडता आलं असतं. इतकं चांगलं की संशय आला. वर कड्याला बर्फाचा छज्जा लोंबतोय. गेल्या वर्षीही होता, पण म्हणून काय झालं?

नाही म्हटलं.

बाबांनी कारण विचारलं नाही. गालाला मफलर बांधून खिडकीशी बसले. आत्या म्हणाली, तीही मला विचारत नाहीये, ती छताला विचारतेय, की बाबा रे छता, या पोरीच्या मनात आहे तरी काय? छताला विचारणं नियमात बसतं का, बघायला हवं.

उद्या नक्की.

२४ एप्रिल, गुरुवार

खड्डा खणून थर तपासले. वर फावडं ठेवून थापा मारल्या, आधी मनगटातून, मग कोपरातून, मग खांद्यातून. काही सरकलं नाही. जागा चुकली असणार. दुसरा खड्डा. तिथेही काही नाही. तेवढ्यात धप्प आवाज झाला. आतला थर खचल्याची, म्हणजे धोक्याची खूण! नाही म्हटलं.

दुपारची दुरुस्ती: आवाज केबिनच्या छपरावरचा बर्फ घसरल्याचा होता. पण तेव्हा मला हे माहीत नव्हतं, म्हणून निर्णय योग्यच.

आत्याने बटाटे किसून खरपूस रॉश्टी केली. बाबांनी नुसती बघितली. आत्या म्हणाली, रुएडी, नियम तूच केलास, आता चघळ. बाबा म्हणाले, चघळता आलं असतं तर आणखी काय हवं होतं.

२५ एप्रिल, शुक्रवार

नाही म्हणायला बाहेर आले, तर दोघं स्की बांधून उभे! बाबा एका गालाने म्हणाले, मत जाणाऱ्यांचं धरायचं. तू जाणारच नाहीस. आम्ही दोघं, दोघांचाही होकार. मी म्हटलं, हा अन्याय आहे. आत्या म्हणाली, नाही गं राणी, हे गणित आहे.

एकेकाने ओलांडलं. बाबा मधोमध असताना मी छज्ज्याकडे लक्ष ठेवायला हवं होतं. मी नुसती त्यांच्या मफलरकडे बघत राहिले. बर्फ जागचा हलला नाही.

लगेच मागोमाग निघायचं ठरवलं. बूटही चढवले. मग दुसरा नियम आठवला. एकट्याने, कुणी नजर ठेवायला नसताना, उतार ओलांडायचा नाही.

२६ एप्रिल, शनिवार

रेडिओवर आत्या. दाढ निघाली. बाबांनी माझ्या होणाऱ्या साहेबबाईंना सगळं खरं सांगून टाकलं, की पोरगी रोज नाही म्हणते, सोमवारी पोचेल असं वाटत नाही. ऐकून वाईट वाटलं. दुरुस्ती: हायसं वाटलं.

पण बाई खूश झाल्या म्हणे. म्हणाल्या, बापाच्या दाढेपुढेही जी नमली नाही, तीच मला हवी. हा सोमवार हुकला तर पुढच्या सोमवारी येऊ दे.

आत्याने विचारलं, मग उद्या पहाटे येऊ का आम्ही दोघं तुला न्यायला?

नाही, असं तोंडातून निघून गेलं. सवयीने.

तिने कारण विचारलं नाही. रेडिओ बंद केल्यावर मीच छताला विचारलं.

पुढच्या सोमवारच्या आदला दिवस म्हणजे ४ मे, रविवार. त्या दिवशी मी हो म्हणणार.