न दिलेली हाळी

कळंब, ता. कर्जत
१४ सप्टेंबर

चि. हर्षद यास,

मोठ्या बहिणीने आशीर्वादाने सुरुवात करायची असते. तो शेवटी लिहीन, हात वळला तर. इकडची खुशाली म्हणशील तर भात पोटरीला आलंय, गौरी-गणपती पार पडले, मांजरीला पिल्लं झाली. आईच्या खुब्याचं मोडलेलं हाड अजून धरलेलं नाही. फोन मुद्दाम करत नाही. अवघड बोलणं निघालं की तुझ्याकडचं नेटवर्क जातं.

वास्तुशांतीची पत्रिका मिळाली. बंगल्याचं नाव ‘शिखर’, आणि खाली बारीक अक्षरात समुद्रसपाटीपासूनची उंचीसुद्धा छापलीस. छापणारच. अलिबागच्या किनाऱ्यापासून लडाखच्या खिंडीपर्यंत देशाच्या उंच्या मोजत फिरणारा माणूस तू. पण हर्षद, आपल्या अंगणातून हाक मारली तर तुझ्या शिखरावर ऐकू जाते. तेवढंच ते उंच आहे. तू बंगला बांधलास त्या माळावर बाबांच्या हातून धड नाचणीसुद्धा पिकली नव्हती.

तुला आठवतं का, कर्जत स्टेशनच्या पिवळ्या पाटीवरची उंची वाचून तू विचारलं होतंस, ही मोजायला सुरुवात कुठून करतात? समुद्राजवळचं ते शून्य दाखवायला बाबांनी आपल्याला एस्टीने अलिबागला नेलं. ओहोटी होती. पाणी मागे गेलं तसा तू रडायला लागलास, की शून्य हललं. बाबा घरी येईपर्यंत हसत होते. पुढे तूच मला शिकवलंस, की किनाऱ्यापासून आपल्यापर्यंत जमीन जेमतेम चढते, मग सह्याद्री एकदम भिंतीसारखा उभा राहतो, आणि त्याच्या माथ्यावरून देश पूर्वेकडे हळूहळू उतरत जातो. हिमालयातल्या पाट्यांजवळ काढलेले तुझे फोटो आई शेजारीण कोंडीला दाखवायची. म्हणायची, “माझा पोर ढगात काम करतो गं.”

एवढ्या उंच्या मोजल्यास आणि आपल्या घरातला उंचीचा एकच नियम विसरलास. वरच्या खाचराचं पाणी सोडायच्या आधी वरच्याने हाळी द्यायची. खालून ‘सोड रं’ असं उत्तर आलं की मगच बांध फोडायचा. खाली कोण वाकलेलं असेल, कोणाचं पोर बांधावर बसलेलं असेल, हे वरच्याला दिसत नाही. बाबांचं काकांशी बोलणं बंद होतं त्या वर्षांतही हाळी बंद नव्हती. काका नाव घ्यायचे नाहीत, नुसतं “ओ खालचेऽऽ” म्हणायचे. बाबा उत्तर द्यायचे आणि पुन्हा तोंड फिरवायचे.

लावणीच्या त्या दुपारी आई सगळ्यात खालच्या खाचरात होती. वर माळावरच्या तुझ्या शेततळ्याची पाणी अडवणारी फळी निघाली आणि पाणी बांधांवरून उड्या घेत आलं. ती उताराकडे पाठ करून निवांत वाकलेली होती, कारण हाळी आल्याशिवाय पाणी येत नाही हे तिला जन्मभर ठाऊक. पाण्याने तिला बांधावरून खाली फेकलं. टेंपोत घालताना ती मला काय म्हणाली ते तुला सांगितलंच नव्हतं. वेदनेने ओठ काळे पडले होते, आणि म्हणते, “हाळी दिली व्हती गं त्यानं. मलाच नाय ऐकू आली. कान गेलं माझं.”

हेच तिने दवाखान्यात सांगितलं, हेच गावाला सांगितलं. तू तर आणखी सोय केलीस. तळ्यावरच्या नवशाला कामावरून काढलंस, म्हणजे फळी त्याने काढली असं सगळ्यांनी समजावं. तो बिचारा आता कशेळ्याला जीपवर माणसं भरतो. परवा मला बघून खाली मान घालून गेला. मान त्याने का खाली घालावी?

आणि मग पुण्याहून तू आईला कानाचं यंत्र पाठवलंस. ते उघडलं तेव्हा मला आधी खरंच वाटेना. तिचे कान गेलेले नाहीत, हर्षद. रात्री कणगीशी उंदीर खुडबुडला की मला तीच उठवते. मी स्वयंपाकघरात स्वतःशी पुटपुटले तर ओटीवरून उत्तर देते. पण दाराशी कोणी आलं की घाईघाईने यंत्र कानात खुपसते आणि “आं? काय म्हनतोस?” करते. ज्या बाईने उभ्या जन्मात खोटा शब्द काढला नाही, ती आता तुझ्यासाठी दिवसभर बहिरी असते. ते बघून माझा जीव जळतो.

आता जे दोन महिने लिहायचं टाळलं ते लिहिते. त्या दुपारी मी अंगणात होते. तळ्याशी नवशा नव्हता. पिवळा रेनकोट घालून तू होतास. एका हाताने फोन कानाला धरलेला, दुसऱ्या हाताने फळी उपसलीस. बोलणंसुद्धा थांबवलं नाहीस. मी धावले, पण पाणी माझ्या आधी पोचलं. मी पाहिलं हे आईला ठाऊक आहे. तिने बाबांची शपथ घातली, म्हणून गावात बोलले नाही. तुला लिहायचं नाही, असं काही शपथेत नव्हतं.

पत्रिकेत लिहिलंयस, गाडी पाठवतो, आईला खुर्चीत बसवून वर आणा. तिने हिरवं लुगडं काढून ठेवलंय. मी तिला पाठवणार नाही. तुझ्या पाहुण्यांसमोर तिने कानात यंत्र घालून बसावं आणि तू तिच्या कानाशी वाकून मोठ्याने बोलावंस, हे मी माझ्या डोळ्यांदेखत होऊ देणार नाही.

तू खाली ये असंही म्हणत नाही. मला तुझं तोंड बघायचं नाही. नवशाला बोलावून चारचौघांत खरं काय ते सांग. मग तुझ्या बांधावर उभा राहा आणि खाली हाळी दे. नाव घेतलं नाहीस तरी चालेल. तेवढं झालं की आईचे कान परत येतील, आणि पुढे काय करायचं ते तिचं ती ठरवेल.

आशीर्वाद लिहायला हात वळत नाही. आईचा मात्र आहे, तिने आठवणीने लिहायला सांगितलाय. ती आत्ता ओटीवर बसली आहे. संध्याकाळी येणारंजाणारं कोणी नसलं की ती यंत्र काढून पदरात ठेवते आणि तुझ्या बांधाकडे कान लावून बसते.

तुझी बहीण,
मोतीबाई