सतरा नंबरचा व्हिडिओ

प्रिय आई,

फोन केला की तू "जेवलीस का?" म्हणून विषय फिरवतेस, आणि समोर आले तर मीच रडेन. म्हणून लिहितेय. आमच्या सेंटरमधला निशांत तुमच्या करंजाड्यातच राहतो, त्याच्या हाती पाठवतेय. शेवटपर्यंत वाच, चष्मा लावून.

महापेच्या आमच्या सेंटरचं तुला दहादा सांगितलंय, तरी सांगते. दुर्बिणीतून ऑपरेशन शिकणारे डॉक्टर आधी पेटीवर सराव करतात. पेटीत कॅमेरा, आत रबराचा तुकडा, त्यावर टाका घालून गाठ मारायची. मी व्हिडिओ बघून गुण देते. नाव नाही, चेहरा नाही. नुसती दोन हत्यारांची टोकं आणि एक नंबर. वशिला नको, भीडभाड नको. अधूनमधून मुरलेल्या सर्जनचा व्हिडिओही गुपचूप मिसळतात, आमचे गुण खरे आहेत का ते बघायला.

गेल्या आठवड्यात सतरा नंबर आला. गाठ बसली की चिमट्याने तिच्यावर हलक्या दोन टिचक्या. मला हसूच आलं. म्हटलं, हा आईचा चेला दिसतोय! तुझे सगळे विद्यार्थी ती सवय उचलतात. लहानपणी थिएटरबाहेरच्या बाकावर वॉर्डातली भिमामावशी मला वरणभात भरवायची, आणि तू बाहेर येऊन माझ्या नाकावर तशाच दोन टिचक्या मारायचीस. म्हणजे ऑपरेशन नीट झालं.

पण या चेल्याचं टोक थरथरत होतं. सुई दोनदा निसटली, तिसऱ्यांदा रबर फाटलं. माझं डोकंच फिरलं. पंचवीसपैकी नऊ दिले आणि खाली शेरा लिहिला : 'यांना पेशंटला हात लावू देऊ नये.'

सोमवारी निशांतने नंबरांपुढची नावं उघडली. माझा चेहरा बघून त्याने आधी पाणी आणून दिलं.

आई, मी किती आंधळी गं! जयंतीला घरी आले तेव्हा तू कप दोन्ही हातांनी धरला होतास, आणि मी "एप्रिलमध्ये थंडी वाजते का मॅडम?" म्हणून चिडवलं. भाकरी प्राचीवहिनी थापत होती, तर वाटलं, चला, आई एकदाची आराम करायला शिकली. दुसऱ्यांच्या हातांना गुण देते मी, आणि तुझे हात दिसले नाहीत.

मला न सांगता सेंटरवर आलीस म्हणून आधी रागावले. इथले व्हिडिओ मीच तपासते हे तुला पक्कं माहीत होतं. मग कळलं, माहीत होतं म्हणूनच आलीस. तिकडे सगळे 'मॅडम, मॅडम' करणारे, तुला खरं कोण सांगणार?

पुढच्या गुरुवारी तू भिमामावशीचं पित्ताशय काढणार आहेस. दुसऱ्या कुणाच्या हाती देणार नाही, असा शब्द दिलायस तिला. आई, नको गं. तो शेरा लिहिला तेव्हा ती तू आहेस हे मला ठाऊक नव्हतं. आता ठाऊक आहे. काल दिवसभर तो कागद पुढ्यात घेऊन बसले होते, पण शेरा खोडला नाही. शनिवारी येतेय. मावशीशी मी बोलेन, तू नुसती शेजारी बस. आणि आल्या आल्या माझ्या नाकावर टिचकी मार. हात थरथरला तरी चालेल.

तुझीच,
मित्रा