न मागितलेला निरोप

पासिर रिस, सिंगापूर
१० ऑगस्ट २०२५

ती. दादास,
सप्रेम जय भीम. वि. वि.

पत्रास कारण एक कोंबडा. आमच्या ब्लॉकखाली एक रानकोंबडा राहतो. भाडं भरत नाही, पास काढत नाही, आणि पहाटे माझ्याच खिडकीखाली उभा राहून अख्ख्या राष्ट्राला उठवतो. मी रीतसर तक्रार केली. उत्तर आलं की रहिवासी आणि पक्षी यांनी सलोख्याने नांदावं. मला इथे कायम राहायला मिळावं म्हणून किती वर्षं कागद जोडावे लागले, आणि हा पिसांचा भोंगा जन्मतःच नागरिक!

आता खरी बातमी. तुझा विद्यार्थी रत्नदीप, इथे पाणी शुद्ध करण्यावर संशोधन करतो, त्याचा विभागच कंपनी या महिन्याअखेर बंद करतेय. इथे नोकरी गेली की राहण्याचा पास जातो आणि पास गेला की महिनाभरात बिऱ्हाड उचलायचं. बायको ऋचा आणि लेक मैत्रेयी त्याच्याच पासवर आहेत, आणि पोरीची शाळेतली शेवटची मोठी परीक्षा तोंडावर आली आहे. सुदैवाने तांजोंग पगारच्या एका फर्ममध्ये त्याचं जवळजवळ ठरलंय. इथल्या आपल्या लोकांच्या मंडळातला अश्विन तिथे असतो, त्यानेच नाव सुचवलं. कागद तेवढा हातात यायचा आहे.

मंडळानेही हे प्रकरण मनावर घेतलंय, आणि मला त्याचीच भीती वाटते. आमचे अध्यक्ष रवींद्र, बँकेतले, यांनी ईस्ट कोस्टच्या आपल्या कॉन्डोत 'सक्षम समाज समिती' स्थापन केली. गुंतागुंतीच्या, बदलत्या जगात समाजाने कसं बहरावं, यावर स्लाइडी दाखवल्या. एका स्लाइडवर बाणाच्या टोकाला रत्नदीप होता. खरा रत्नदीप मागच्या रांगेत हातातला समोसा निववत बसला होता. तिकडे कुणी वळूनही पाहिलं नाही.

वहिनींना जय भीम. माझी जीभ तुला ठाऊकच आहे. तिच्यासकट लोभ ठेव.

तुझी,
भावना


नागपूर
१७ ऑगस्ट २०२५

चि. भावनास,
अ. उ. आ.

मी कोंबड्याच्या बाजूने आहे. आपल्या घरी पहाटे आरडाओरडा करण्याचं काम तुझ्याकडे होतं. तुझी तक्रार कुणी केली नाही.

कानातलं यंत्र फोन लावला की नुसतं शिट्टी मारतं, म्हणून रत्नदीपशी बोलता आलं नाही. वर्गात तो स्वतःहून हात वर करायचा नाही. पण विचारलं की बोलायचा, आणि नेमकं बोलायचा. तेव्हा त्याला विचारा. वस्तीत कुणाकडे अडचण आली की आपले बाबा दारात उभे राहून एवढंच म्हणायचे, काय लागतंय? भाषण नंतर, विहारात. तूही त्या समितीत आहेस ना? तू विचारलंस, की तूही स्लाइडीच बघत होतीस?

तब्येतीला जप. मायेत खंड नाही.

तुझा,
भीमरावदादा


पासिर रिस
३१ ऑगस्ट २०२५

ती. दादास,
जय भीम. आज वि. वि. वगैरे काही नाही.

मागच्या आठवड्यात मंडळाच्या ग्रुपवर पोस्टर आलं. 'मायदेशी परतणाऱ्या रत्नदीप यांना हृद्य निरोप. शाल, श्रीफळ, सहभोजन.' वर त्याचा फोटो, आणि त्या फोटोला झेंडूचा हार. जिवंत माणसाच्या फोटोला!

मी परत चाललो, असं तो कुणालाही म्हणाला नव्हता. रवींद्रांनीच धरून चाललं. नोकरी गेली म्हणजे जाणार, जाणार म्हणजे सत्कार, आणि हॉल आधी अडवला नाही तर मिळत नाही. आपल्या लोकांना मदत सुचत नाही तेव्हा शाल सुचते.

ते पोस्टर अश्विनने पाहिलं आणि भाबडेपणाने साहेबांना सांगून टाकलं की उमेदवार भारतात चालला. साहेबांनी जागा दुसऱ्याला दिली. रत्नदीप धावत गेला, खुलासा केला. साहेब म्हणाले, फार वाईट वाटतं, पण दुसऱ्या उमेदवाराला पत्र गेलं. झालं! वर्षानुवर्षांचा संसार एका झेंडूच्या हारापायी उठला.

रवींद्रांना फोन केला. म्हणाले, भावनाताई, उद्देश चांगला होता. मी म्हटलं, उद्देशावर पास मिळतो का? त्यावर म्हणाले, झालं ते झालं, आता कार्यक्रम तरी देखणा करू. मी फोन आपटला, नाहीतर माझ्या तोंडून सगळं नागपूर बाहेर पडलं असतं.

तुझा प्रश्न घेऊन ऋचाकडे गेले, पण उशिराच. खोकी भरता भरता म्हणाली, ताई, आम्ही जाऊ हो, पण पोरीची परीक्षा बुडायला नको. शाळा म्हणते, इथल्या कुणी जबाबदारी घेतली तर मैत्रेयीला स्वतंत्र विद्यार्थी पास मागता येईल. कुणाला सांगायचा तिला संकोच वाटत होता. आमचा निहार इथल्या सक्तीच्या सैन्यसेवेत असल्यामुळे त्याची खोली आठवडाभर रिकामी असते. मी हो म्हणून आले. अर्ज गेला आहे. नाही मिळाला तर पोरगीही जाईल.

रागावलेलीच आहे, पण तुझ्यावर नाही. तू लोभ आटू देऊ नकोस.

भावना


नागपूर
७ सप्टेंबर २०२५

चि. भावनास,
अ. उ. आ.

शाबास. राग जपून वापर, त्या पोरीच्या कामाला लागेल. रवींद्रांवर सगळा उधळू नकोस.

मी रत्नदीपला पत्र टाकलंय. इथे काय लागेल, एवढंच विचारलंय. लगेच उत्तर आलं: डोक्यावर छप्पर, आणि आठ दिवस कुणी भेटायला येऊ नये. दोन्हीची व्यवस्था केली आहे. दुसरीसाठी तुझ्या वहिनीला दारात बसवणार आहे.

पासचं कळव. जीव तिकडेच आहे.

भीमरावदादा


पासिर रिस
२८ सप्टेंबर २०२५

ती. दादास,
सप्रेम जय भीम. वि. वि.

मैत्रेयीचा पास आला. आधी हे लिहिते, मग बाकीचं.

सत्कार झाला. येणार नाही, असं रत्नदीपने स्वच्छ कळवलं होतं, पण हॉल अडवलेला होता ना! मग सत्कारमूर्तींच्या अनुपस्थितीत रवींद्रांनी रिकाम्या खुर्चीला शाल पांघरली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी उठले आणि म्हटलं, ही खुर्ची तुम्हीच रिकामी केलीत, तेव्हा शाल योग्य जागी पोचली. हॉल अडवण्याआधी त्या माणसाला एकदा विचारलं असतं, तर आज तो कामावर असता. जेवताना सगळे एवढंच म्हणाले की श्रीखंड छान जमलंय. समितीच्या अहवालात हा 'यशस्वी उपक्रम' आहे. समितीतून माझं नाव काढायला सांगितलं.

गेल्याच्या गेल्या मंगळवारी दोघं गेली. विमानतळावर ऋचाने लेकीचा हात सोडला आणि मागे न बघता आत गेली. परतताना एमआरटीच्या गाडीत मी रवींद्रांचा उद्धार करत होते, तेव्हा मैत्रेयी इथल्या पोरांच्या बोलीत म्हणाली, मावशी, इनफ लाह, उद्या केमिस्ट्रीची टेस्ट आहे. घरी येऊन तिने दार लावून घेतलं. दाराआड ती रडत होती, आणि मी बाहेर उगाच भांडी घासत उभी होते. भांडी आधीच स्वच्छ होती.

अश्विन आता शनिवारी तिला गणित शिकवायला येतो. मी बोलावलं नव्हतं. पहिल्या दिवशी दारात उभं राहून त्याने तिलाच विचारलं, कुठलं अडतंय?

तुमच्याकडचा लोभ त्या दोघांना अर्धा देऊन उरलेला इकडे पाठवावा.

तुझी,
भावना

ता. क. पोस्टर आलं त्या आठवड्यात मी अश्विनला हॉकर सेंटरवर, खाण्याच्या ठेल्यांच्या गर्दीत, गाठून वाट्टेल ते बोलले होते. माझ्या कॉफीचे पैसे त्यानेच दिले होते, हे घरी आल्यावर लक्षात आलं. काल शिकवणीनंतर आम्ही तिथेच गेलो. तो टेबल धरायला गेला, तेवढ्यात मी दोघांच्या कॉफीचे देऊन टाकले. त्याने काढलेलं पाकीट परत खिशात ठेवलं आणि कप उचलला.