एका रात्रीत फुललेले वाल

२ जून
आज आत आले. धरमतरच्या खाडीकाठी मिठाचं जुनं गोदाम होतं, तिथं कंपनीनं हे हवाबंद घर बांधलंय. माणसं मंगळापलीकडे जातील तेव्हा वर्षानुवर्षं अशाच घरात राहतील. त्याची ही चाचणी. आम्ही दोघी दिवाळीपर्यंत आत. रोपं माझ्याकडे, हवापाण्याची यंत्रं किमयाकडे. ती जवळच्याच जोहे गावची इंजिनिअर, माझ्याहून लहान. आंघोळीचं पाणी, श्वासातला ओलावा, लघवीसुद्धा गाळून पिण्याच्या टाकीत परत येते. पहिला घोट दोघींनी डोळे मिटून घेतला, मग पोट धरून हसलो.

बाहेर नियंत्रणाच्या टेबलावर निकेश, माझा नवरा. त्याच्या शब्दावर मी रोह्याची नोकरी सोडली. दार बाहेरूनच उघडतं. सरू, तू नुसतं म्हण, मी उघडतो, म्हणाला.

५ जून
माहेरच्या बियाण्याचे वाल पेरले. खिडकी नाही, पडद्यावरची तारीख बघून लिहिते. निकेश रोज सकाळी स्पीकरवर बोलतो, तेवढ्यानं दिवस बरा जातो. झोपायच्या कप्प्यात दंडाला पट्टा बांधावा लागतो. तो झोपेत रक्त तपासतो म्हणे. झोप मात्र इथं फार गाढ लागते.

६ जून
काल पेरलेले वाल आज फुलावर आहेत.

निकेशला विचारलं. नवीन दिवे हायत, म्हणाला, आणि हसला. मी शेतकऱ्याची मुलगी, शेतकी शिकलेली. एका रात्रीत वेल चढवणारे दिवे मला ठाऊक नाहीत. माझी नखं वाढलीत. किमयाचे कानाशी कापलेले केस मानेवर रुळतायत. पायांत जोर नाही.

७ जून
भिंतीपलीकडून ढोल-ताशे. किमया कान लावून ऐकत राहिली, मग हळूच म्हणाली, "सरूताई, हे विसर्जन हाय गो."

पडद्यावर जून.

मी निकेशला म्हटलं, दार उघड. त्यानं उघडलं नाही. मग सगळं सांगितलं. लांबच्या प्रवासाला एवढं अन्न, एवढी हवा नेता येणार नाय. माणसाला थंड करून महिनोन्महिने झोपवावंच लागेल. ते तंत्र या पट्ट्यातून आमच्यावर चाललंय. आधी सांगितलं असतं तर मी आले नसते, म्हणून माझी संमती त्यानंच देऊन टाकली. आवाजात लाज नव्हती. चहा सांडल्याचं सांगावं तसा बोलला. उद्या उघडतो म्हणाला.

८ जून — पडद्यावर
रात्री मुद्दाम पट्टा बांधला नव्हता. दोघी जमिनीवर बसून होतो, एकमेकींना जागं ठेवत. हवेच्या झडपेतून गारवा आला, गोडसर वास —

जाग आली ती कप्प्यात. पट्टा बांधलेला. त्याचं टोक दुमडून आत खोचलेलं. निकेश घड्याळाचा पट्टा असाच खोचतो.

म्हणजे दार उघडलं होतं. तो आत आला होता. मला उचलून ठेवलं आणि गेला.

वालाच्या काटक्या झाल्यात. किमया उठत नाही. तिचा गाल गार आहे, नुसता झोपेतला गार नाही —

निकेशला हाका मारतेय.

तारीख — पडद्यावर ९ जून, मी मानत नाही
किमयाचा कप्पा रिकामा. पुसून ठेवलाय.

माझे केस कमरेखाली. निम्मे पांढरे.

हाक मारली. बाईचा आवाज आला. नम्रता नाव सांगितलं. मला काकी म्हणते. निकेश सर आता मोठे साहेब झालेत, वडखळला बंगला बांधलाय. त्यांच्या परवानगीशिवाय दार उघडता येणार नाय, आणि सर मुलीला शाळेत सोडायला गेलेत.

आम्हाला मूल नाही.

विचारलं, माझ्याबद्दल काय सांगितलंय त्यानं. ती बिचकत म्हणाली, "काकी, तुमच्या मागं कोणी नाय, असं सर बोलले."

मी तोंड उघडलं तेवढ्यात स्पीकर बंद —

गारवा. झडपेत ओढणी कोंबली — तरी येतोय — बोटं वळत नाहीत —

कुणाच्या हाती पडलं तर — मी एकटी नाही — मी सरू, निकेशची बाय—