आईला ऐकू येईल असा टीव्ही

तात्या,

आई आता पेठला माझ्याकडे असते, हे तुम्हाला सांगायचं राहिलंच. बोरीचं घर बंद करून बराच काळ झाला. दिवसभर मी पतसंस्थेत बसते, घरी येऊन तिचं जेवण, गोळ्या, पाय चोळणं करते आणि मग पंख्याकडे बघत पडून राहते. तक्रार नाही, दमले आहे एवढंच. दमलं की तुमच्याशी बोलावंसं वाटतं, कारण तुम्ही उलट काही विचारत नाही.

आईला फार कमी ऐकू येतं. कानातलं यंत्र घेऊन दिलं, पण त्यात भांड्यांचा खणखणाटच मोठा होतो म्हणून ती ते काढून देव्हाऱ्यात ठेवते. टीव्ही लावला की थोडा वेळ बघते आणि उठून आत जाते. "नुसती तोंडं हालत्यात," म्हणते. मीही नाद सोडला होता. पण तुमची नात, माझी मुलगी, मुंबईत डबिंगचं काम करते. म्हणजे परदेशी मालिकेत तोंड तिकडच्या बाईचं हलतं आणि मराठी बोलणं हिचं असतं. यंदा इंटरनेटवर लागणाऱ्या एका मालिकेत तिला पहिल्यांदाच मोठं काम मिळालं. हे कळल्यापासून आईनं धोशा लावला. तिला मालिकेशी काही देणंघेणं नव्हतं, नातीचा आवाज तेवढा ऐकायचा होता. मी त्या मालिकेचे तोवर आलेले भाग एसटीत मोबाइलवर बघितले होते. बघताना ऊर भरून आला होता. आईसाठी म्हणून रविवारी ती टीव्हीवर लावली, भाषा मराठी निवडली, आवाज वाढवला. संगीत आणि गाड्यांचा धडधडाट घरभर झाला, बोलणं मात्र रांजणात तोंड घालून बोलल्यासारखं. आणखी वाढवला, तर शेजारीण बघायला आली. आई आपली माझ्याच तोंडाकडे बघत बसलेली.

तेव्हा लहानपणचं घाटघरच्या शाळेचं स्नेहसंमेलन आठवलं. तुम्ही भाड्यानं द्यायचात ते कर्णे आणि अँप्लिफायर जीपमध्ये घालून निघालात आणि मी हट्टानं पुढच्या सीटवर. पटांगणात मागं बसलेल्या म्हाताऱ्या ऐकू येईना म्हणून कुरकुरतायत, तर तुमची पाठ वळताच मी आवाजाचं बटण पार टोकापर्यंत फिरवते. कर्णा किंचाळतो, नाचणाऱ्या मुली थांबतात, सगळं पटांगण कानांवर हात ठेवतं. तुम्ही धावत येऊन आवाज कमी करता. "मोठं केलं म्हंजी कळतं व्हय? कर्णा कुणाकडं तोंड करून हाय, ते बघ आधी," एवढंच बोलता, पण सगळ्यांसमोर. मी रडवेली होऊन जीपमध्ये जाऊन बसते. तिथून दिसतं, तुम्ही त्या म्हाताऱ्यांमध्ये जाऊन मांडी घालून बसलाय आणि त्यांना काय काय ऐकू येतंय ते विचारताय.

मग मी टीव्हीच्या मागं हात घालून पाहिलं. स्पीकर सगळे मागच्या बाजूला, भिंतीकडे तोंड करून. नारायणगावहून एक साउंडबार, म्हणजे लांबट पट्टीसारखा स्पीकर आणला आणि टीव्हीखाली, आईच्या समोर ठेवला. आधी बिनवायरीचा जोडला, तर ओठ आधी हलायचे आणि आवाज मागून यायचा. आई म्हणाली, "तोंड मिटल्यावर बोलतीया ही." मग वायर आणली. तरी बोलणं दबलेलंच. दुकानदारानं फोनवर सांगितलं, की मालिकेचा आवाज पाच-सहा स्पीकर असलेल्या घरासाठी लागलाय, तो साधा दोन स्पीकरचा करा. केला, आणि बोलणं वर आलं. नेट मंद होऊन चित्र अंधुक झालं की आवाजही पोकळ व्हायचा, म्हणून वाय-फायचा डबा स्वयंपाकघरातल्या फ्रिजमागून काढून बाहेर आणला. फरशीच्या खोलीत आवाज घुमत होता, तिथं सतरंजी अंथरली, समोरच्या भिंतीला गोधडी टांगली. हे सगळं कामावरून आल्यावर, एकेका संध्याकाळी. एकदा तर वायर हातात घेऊन तिथंच डोळा लागला. आईनं अंगावर चादर घातली आणि ती उपाशीच झोपली.

आणि एका संध्याकाळी आईला ऐकू आलं. मांडीवरचे हात तसेच ठेवून ती पुढं वाकली. पडद्यावरची बाई कुणाशी तरी भांडत होती. आईनं तिचं एक अख्खं वाक्य माझ्याकडे बघून म्हणून दाखवलं. मला हसू आलं, पण ती हसली नाही. जरा वेळानं म्हणाली, "पोरीचा घसा दुखतोय गं. शेवटाला वढून आणतीया आवाज." मी म्हटलं, अगं, ते नाटकी बोलणं आहे, बाई चिडलीय म्हणून तसं. आई म्हणाली, "चिडल्यालं येगळं. हिला दुखतंय. फोन लाव."

फोन लावला. मुलगी आधी उडवाउडवी करत राहिली. आईनं फोन माझ्या हातातून घेतला आणि एकदाच विचारलं, "गिळताना दुखतं का?" पलीकडं रडणं सुरू झालं. डॉक्टरांनी महिनाभर बोलू नको म्हणून सांगितलं होतं. घशात गाठीसारखं काही आलंय, असंच ओढत राहिलीस तर आवाज जाईल, असंही. काम हातचं जाईल म्हणून तिनं आम्हाला सांगितलं नव्हतं आणि रेकॉर्डिंग चालूच ठेवलं होतं. मी तोच भाग मोबाइलवर बघून तिला शाबासकी दिली होती.

दोन दिवसांनी ती आली. पुढच्या भागांत दुसरीच कुणीतरी बोलतेय, पण डॉक्टर म्हणतात, वेळेवर थांबली. दुपारी दोघी ओसरीवर लसूण सोलत बसतात. एकीला ऐकू येत नाही, दुसरीला बोलायचं नाही, आणि तरी त्यांचं काहीतरी चाललेलं असतं. मी कामावरून येऊन त्यांच्याकडे बघते आणि मला आणखीच थकायला होतं, का ते कळत नाही.

हे पत्र कुठं टाकायचं नाहीच, म्हणून एक लिहिते. गावोगावच्या लोकांचं बोलणं तुम्ही लांबपर्यंत पोचवलंत, पण तुम्ही होतात तेव्हा तुमचा आवाज कुणी टेपवर भरून ठेवला नाही. तुमचे शब्द मला आठवतात, रागावणंसुद्धा, पण आवाज येत नाही. कसा होता, ते आईला विचारावंसं वाटतं, पण अजून विचारलेलं नाही. तिलाही आठवत नसेल, तर काय करू?